कच्चा कातून ठेवलेला वाडगा दर वेळी फुटतो? आधी भेग कुठे आहे ते बघा

ओलं लाकूड लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) चढवलं की काम सोपं होऊन जातं. लांब ओल्या सालपट्या निघतात, धूळ जवळपास नसते, गाउजची, म्हणजे कातायच्या पन्हाळी पटाशीची, धार बराच वेळ टिकते. सुकल्यावर पुन्हा कातायचा म्हणून वाडगा जाडसर कातून फळीवर ठेवला जातो आणि पंधरवड्याने हातात घेतला तर काठावर भेग. पुढच्या वेळी मेण जास्त लावलं जातं, त्याच्या पुढच्या वेळी कागदी पिशवी येते, मग कुणीतरी सांगितलं म्हणून मायक्रोवेव्ह. भेग तरीही येतेच, कारण दर वेळी उपाय बदलतो आणि कारण कुणी शोधत नाही.

फुटलेला वाडगा चुलीत घालण्याआधी तो नीट वाचायला हवा. भेग कुठून सुरू झाली, कुठल्या दिशेने गेली आणि केव्हा दिसली, या तीन गोष्टींतून कारण बहुतेक वेळा कळतं. भेग बारीक असेल तर पृष्ठभागावर थोडं अल्कोहोल पुसा. बाकीचं लाकूड लगेच कोरडं होतं, भेगेत मात्र ते थोडा वेळ टिकतं आणि गडद रेघ स्पष्ट उमटते.

लाकडात नेमकं काय चालू असतं

हा भाग टाळून थेट उपायांकडे जायचा मोह होतो, पण हा कळला की पुढचं अर्धं आपोआप कळतं.

ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. पेशींच्या पोकळीत मोकळं पाणी आणि पेशींच्या भिंतीत मुरलेलं पाणी. मोकळं पाणी आधी जातं आणि ते जाताना लाकूड आकसत नाही. आर्द्रता साधारण 28 ते 30 टक्क्यांवर आली की मोकळं पाणी संपलेलं असतं आणि भिंतींतलं पाणी निघायला लागतं. आकसणं इथून सुरू होतं.

वजनात हे बघू. नुकता कातलेला वाडगा 1500 ग्रॅम भरला आणि त्याची आर्द्रता 80 टक्के धरली (ही टक्केवारी कोरड्या लाकडाच्या वजनावर मोजतात), तर त्यात कोरडं लाकूड सुमारे 833 ग्रॅम आहे. 30 टक्क्यांवर तो 1083 ग्रॅमचा होईल आणि 12 टक्क्यांवर 933 ग्रॅमचा. म्हणजे पहिले चारशे ग्रॅम पाणी गेलं तरी सरासरीने लाकूड हललेलं नसतं. सगळी ओढाताण शेवटच्या दीडशे ग्रॅममध्ये आहे.

मग पहिल्याच आठवड्यात भेगा का दिसतात? कारण वरचा आकडा सरासरीचा आहे. बाहेरचा दोन मिलिमीटरचा थर 15 टक्क्यांवर आलेला असतो तेव्हा आतलं लाकूड अजून 60 टक्क्यांवर असू शकतं. बाहेरच्या थराला आकसायचंय, आतलं लाकूड जागचं हलत नाही. त्या ताणात बाहेरचा थर फाटतो. म्हणून एकूण किती दिवसांत वाळलं याला फारसं महत्त्व नाही. आतल्या आणि बाहेरच्या ओलीत फरक किती पडला, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट दिशेची. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही, 0.1 ते 0.2 टक्का. केंद्राकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, त्याहून खूप जास्त. आणि वाढीच्या वलयांच्या कडेकडेने सगळ्यात जास्त. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत शुगर मेपल त्रिज्येच्या दिशेने 4.8 टक्के आकसतो आणि वलयांच्या दिशेने 9.9. व्हाइट ओक 5.6 आणि 10.5. सागवान 2.5 आणि 5.8, म्हणून सागवान नवशिक्यांना इतकं सांभाळून घेतं. महोगनीत हे आकडे 3.0 आणि 4.1, म्हणजे दोन्ही दिशांतला फरक अगदी थोडा. नवीन लाकूड हाती आलं की हे दोन आकडे आधी शोधावेत. दोन्ही मोठे असतील आणि त्यांच्यात अंतरही मोठं असेल, तर ते लाकूड त्रास देणार हे धरून चालायचं.

काठावरून खाली उतरणारी भेग, एंड ग्रेनच्या बाजूला

सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच. अर्ध्या ओंडक्यातून वाडगा काढला की समोरासमोरच्या दोन बाजूंना लाकडाच्या रेषांची (तंतूंची) टोकं उघडी पडतात. याच एंड ग्रेनच्या बाजू. पाणी इथून बाकीच्या पृष्ठभागापेक्षा दहा-बारा पट वेगाने बाहेर पडतं. काठ तर दोन्हीकडून उघडा. तिथे भेग पडणं स्वाभाविक आहे.

पण एक गोष्ट आधी तपासा. भेग काठाच्या मध्यावरून निघून पंख्याच्या काड्यांसारखी पसरतेय का? तसं असेल तर मेणाला दोष देऊ नका. खोडाचा अगदी मधला बिंदू, पिथ, तुमच्या वाडग्यात राहून गेलाय. पिथभोवती वलयं पूर्ण गोल असतात. वलयांच्या दिशेने लाकडाला जास्त आकसायचं असतं, त्रिज्येच्या दिशेने कमी, आणि पूर्ण वर्तुळाला हे दोन्ही एकाच वेळी जमत नाही. कुठेतरी उघडल्याशिवाय सुटका नसते. कितीही हळू वाळवा, कितीही मेण फासा, पिथ आत असलेला जाड तुकडा सहसा फुटतोच.

उपाय साखळी करवतीच्या वेळचा आहे. ओंडका पिथमधून उभा चिरायचा आणि नंतर दोन्ही अर्ध्यांच्या सपाट बाजूवरून आणखी एक-दोन सेंटिमीटर काढून टाकायचे. पिथजवळच्या बारीक चिरा डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे गेलेल्या असतात, म्हणून हात आखडता घेऊ नये. व्यास कमी होतो याचं वाईट सगळ्यांनाच वाटतं. पण तेरा इंची फुटक्या वाडग्यापेक्षा बारा इंची धड वाडगा बरा, यावर वाद नसावा.

पिथ नीट काढलेलं असूनही भेग एंड ग्रेनलाच आली असेल, तर मग मेणाचा आणि हवेचा विचार करा. मेणाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ मेण) कातून झाल्याबरोबर लागायला हवं. जेवून येऊन नव्हे. बाहेरून एंड ग्रेनच्या दोन्ही बाजूंना, काठाला आणि आतल्या बाजूला काठापासून थोडं खालपर्यंत जाड थर द्यायचा. संपूर्ण वाडगा मेणात बुडवणारेही आहेत. ज्या लाकडात आकसण्याचे आकडे मोठे आहेत त्याला ते ठीक, पण सोप्या लाकडात त्याने सुकायचा काळ उगाच लांबतो आणि दमट हवेत बुरशीला निमंत्रण मिळतं.

कधी कधी भेग मुळात ओंडक्यातच असते. झाड तोडल्यावर ओंडके महिनाभर उन्हात पडून होते, टोकांना चिरा गेल्या, आणि तिथूनच तुम्ही तुकडा काढला. अशा ओंडक्याच्या टोकाची चकती कापा, ती हाताने वाकवून बघा, ती सहज तुटली तर आणखी एक चकती कापा. न तुटणारी चकती मिळेपर्यंत हे चालू ठेवायचं. ओंडका मिळाल्या मिळाल्या टोकांना मेण लावून सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवला तर ही वेळ येत नाही. चिरायला लगेच सवड नसेल तर ओंडका लांबच ठेवा. टोकं खराब झाली तरी मधला भाग हाती लागतो.

बुडातली भेग

वाडगा पालथा केला की बुडात, रेषेच्या दिशेने, सरळ भेग. काठ मात्र शाबूत. याचं कारण जवळपास नेहमी जाडीत असतं. भिंत 3 सेंटिमीटर आणि बूड 5, त्यात चकात (लेथच्या पकडीत) धरायचा बुडाखालचा गोल उंचवटा, म्हणजे टेनन, आणखी एक सेंटिमीटर. भिंत आकसून पुढे गेली, बूड ओलंच राहिलं, आणि नंतर बूड आकसायला लागलं तेव्हा आजूबाजूचं लाकूड आधीच कडक होऊन बसलेलं.

जाडीबद्दल बहुतेक जण एकच नियम सांगतात: व्यासाच्या दहा टक्के. 30 सेंटिमीटरच्या वाडग्याला 3 सेंटिमीटर भिंत. हा आकडा हवेतून आलेला नाही. वलयांच्या दिशेने 8 टक्के आकसणारं लाकूड धरा. 30 वरून 10 टक्के आर्द्रतेपर्यंत येताना त्यातलं सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे 5.3 टक्के आकसणं होतं. 30 सेंटिमीटरवर ते 1.6 सेंटिमीटर, प्रत्येक बाजूला 0.8. रेषेच्या दिशेने काहीच फरक नाही, म्हणून वाडगा लांबट होतो. तो परत गोल करायला 3 सेंटिमीटरच्या भिंतीत पुरेसा माल उरतो. त्यापेक्षा जाड ठेवलं तर सुरक्षित वाटतं, पण जाडी वाढली की आतबाहेरच्या ओलीतला फरकही वाढतो. भीतीपोटी ठेवलेली जास्तीची जाडी हेच मग भेगेचं कारण ठरतं.

नियम पाळणारे बरेच जण तो फक्त काठापाशी पाळतात. कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) घेऊन भिंत मध्यावर आणि बुडापाशी मोजा. भिंत बुडाकडे वळते तिथला आतला कोपरा हमखास जाड राहिलेला असतो, कारण गाउज तिथे वळवायला अवघड जातं. टेनन मोठा हवाच, नंतर तोही लांबट होणार असतो. पण बुडाची आतली बाजू तेवढी खोल न्या, म्हणजे टेनन सोडून जाडी भिंतीइतकीच राहील.

वलयाच्या कडेने गेलेली गोलाकार भेग

इथे वाळवण्याचा संबंध नाही. दोन वलयांमधलं लाकूड झाड उभं असतानाच सुटलेलं होतं. अशा तुकड्यावर मेहनत करू नये. लेथवर तो पापुद्रा निघावा तसा एकदम सुटू शकतो, आणि तो कुठल्या दिशेने उडेल हे सांगता येत नाही. दुरुस्तीचा प्रश्नच नाही, सरळ बाजूला ठेवा.

फिनिशिंग करताना उगवलेल्या केसासारख्या चिरा

वाडगा महिनोन्महिने नीट राहिला, दुसऱ्यांदा कातला तेव्हाही ठीक होता, आणि पॉलिश लावल्यावर एंड ग्रेनवर बारीक चिरांचं जाळं दिसलं. संशय वाळवण्यावर जातो. बहुतेक वेळा दोषी असतो सँडपेपर. कागद बोथट झाला की तो कापत नाही, घासतो. बोटाला चटका बसेल इतकी उष्णता तयार होते आणि वरचा थर क्षणात कोरडा पडून तडकतो. वेग कमी करा, दाब कमी करा, कागद वेळेवर बदला. आणि स्पष्टच सांगायचं तर, 80 नंबरच्या कागदाने खडबड घालवत बसायची वेळ येत असेल तर शेवटचा हात फिरवण्याआधी गाउजला धार लावायला हवी होती.

घरात नेल्यावर काही महिन्यांनी आलेली भेग

वाडगा जिथे वाळला तिथल्या हवेशी त्याचा समतोल झाला होता, पण तो राहायला गेला दुसऱ्याच हवेत. खोलीच्या तापमानाला 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकूड 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, 40 टक्क्यांत 8 च्या थोडं खाली, 80 टक्क्यांत 16 पर्यंत. दमट शेडमधून हीटर किंवा एसी चालणाऱ्या खोलीत गेलेलं लाकूड पुन्हा आकसणारच. शेवटचं कातण्याआधी वाडगा दोन-तीन आठवडे घरात, कोरड्या खोलीत ठेवा. काठात धातूची किंवा रेझिनची पूर्ण कडी बसवलेली असेल तर जास्तच जपावं लागतं. कडी आकसत नाही आणि लाकडाला जागा देत नाही.

मग वाळवायचं कसं

पिथ काढलं, जाडी सारखी केली, मेण लावलं. पुढचं काम हवेला आवर घालायचं. जाड कागदी पिशवीत वाडगा ठेवून तोंड दुमडलं की आतली हवा थोडी दमट राहते आणि वाळणं मंदावतं. कागद ओलसर झाला तर पिशवी बदला. वाडग्याच्याच ओल्या सालपट्यांत पुरून ठेवायची पद्धतही चालते, पण गरम-दमट हवेत तिच्यात बुरशी लवकर धरते आणि फिकट लाकडावर निळसर डाग पडतात. प्लास्टिकची पिशवी फक्त एक-दोन दिवस, काम अर्धवट सोडावं लागलं तरच. वाडगा पंख्याखाली नको, उन्हात नको, छताजवळच्या तापलेल्या फळीवर नको. खाली, सावलीत, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात पहिला महिना जाऊ द्या. नंतर तो वरच्या फळीवर गेला तरी चालेल.

वजन करायची सवय लावून घ्या. साधा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. बुडावर पेन्सिलने तारीख आणि ग्रॅम लिहा, आठवड्याने परत मोजा. पहिल्या आठवड्यात वजन धडाधड उतरत असेल तर तुमचा कोपरा फार कोरडा आहे, पिशवी दुहेरी करा. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की वाडगा तयार. याला चार महिने लागतील की दहा, हे लाकूड, जाडी आणि हवा ठरवते. इंचाला एक वर्ष हा हिशोब फळ्यांचा आहे, वाडग्याला तो लावू नका.

घाईच्या उपायांबद्दल थोडक्यात. कच्चा वाडगा पाण्यात उकळून काढणं, जाडीच्या प्रत्येक इंचाला तासभर, हे फळझाडांच्या हट्टी लाकडाला उपयोगी पडतं असं पुष्कळांचं म्हणणं आहे आणि ते करून बघायला हरकत नाही. फक्त रंग थोडा फिका पडतो. मायक्रोवेव्ह लहान, पातळ तुकड्यांना ठीक. कमी पॉवरवर थोडा वेळ, मग पूर्ण थंड होऊ द्यायचं, वजन करायचं, परत. जाड तुकड्यात आतल्या वाफेने मधूनच तडा जातो, आणि ज्यात लाकूड तापवाल त्यात पुन्हा अन्न तापवू नका.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पद्धत वेगळी. हे मेणासारखं रसायन पेशींच्या भिंतीत पाण्याची जागा घेतं, त्यामुळे आकसायला काही उरत नाही. 1961 मध्ये समुद्रातून वर काढलेल्या व्हासा या स्वीडिश जहाजावर याचीच फवारणी 17 वर्षं चालली होती. अटलांटाचे वास्तुविशारद एड मोल्थ्रॉप आपले अवाढव्य वाडगे याच द्रावणात मुरवत. त्यांच्या आकाराला पर्याय नव्हता. साध्या सॅलडच्या वाडग्याला हा खटाटोप मला पटत नाही. असं लाकूड दमट हवेत ओलसर लागतं आणि त्यावर बरीच फिनिश धड बसत नाहीत.

एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, असं का

कातकाम करणारे चार जण जमले आणि भेगांचा विषय निघाला की चार ठाम उत्तरं मिळतात. कुणीही खोटं बोलत नसतं. प्रत्येक जण आपल्या हवेत, आपल्या लाकडावर काय चाललं ते सांगत असतो. थंड, दमट तळघरात चेरी वाळवणाऱ्याला पिशवीचीही गरज पडत नाही. कोरड्या हवेत ओक कातणाऱ्याला तीच शिस्त पुरत नाही. म्हणून सल्ला घेताना आधी विचारा: लाकूड कोणतं, जाडी किती, जागा कशी. ही तीन उत्तरं नसलेला सल्ला बाजूला ठेवलेला बरा.

आणि भेग टाळण्याचा एक मार्ग असाही आहे की दुसऱ्यांदा कातायचंच नाही. ओल्या लाकडातून एकाच बैठकीत 3-4 मिलिमीटरची भिंत काढली तर आत-बाहेर फरक पडायला जाडीच उरत नाही. वाडगा वाकतो, फुटत मात्र क्वचितच. डेव्हिड एल्सवर्थ यांची पातळ भिंतींची पोकळ भांडी ओल्या लाकडातूनच येतात. 1986 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सचे ते पहिले अध्यक्ष. कातकलाकार ख्रिश्चन बर्चर्ड मॅड्रोन झाडाच्या मुळांची भांडी मुद्दाम वाकू देतात, आकार शेवटी लाकूडच ठरवतं. मार्क लिंडक्विस्ट आणि त्यांचे वडील मेल यांनी तर कुजकट रेषांचं, भोकं पडलेलं लाकूड कलेच्या दालनात नेलं. मात्र हे सगळे सुरुवातीपासून ठरवून केलेले निर्णय आहेत. फुटलेल्या सॅलडच्या वाडग्याला नंतर कलाकृती म्हणणं वेगळं.

फुटलाच असेल तर

भेग वाढतेय तोवर हात लावू नका. वजन स्थिर झाल्यावर दुरुस्ती करा, नाहीतर भरलेली भेग शेजारून पुन्हा उघडते. केसाएवढ्या चिरेत पातळ, झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट ग्लू झिरपतो. फिकट लाकडावर त्याचा डाग पडतो, म्हणून आधी सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) लावून घ्या. सांडलेला ग्लू सुती कापडाने पुसू नका, सुतावर तो तापून धूर सोडतो. रुंद भेगेत पारदर्शक इपॉक्सीत कॉफीची पूड किंवा पितळेचा चुरा मिसळून भरता येतं. लाकडाचा रंग हुबेहूब आणायचा प्रयत्न सहसा फसतो, त्यापेक्षा वेगळा रंग उघडपणे दिसू द्यावा. आडव्या बसवलेल्या फुलपाखरी पट्ट्या भेगेला खरोखर धरून ठेवतात.

यातलं काहीही केलं तरी तुकडा लेथवर परत चढवण्याआधी त्यावर टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बोदा आवाज आला तर भेग दिसते त्याहून खोल आहे. इंचांतला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) 6000 ते 9000 असा अंदाज धड वाडग्यासाठी वापरतात, म्हणजे 12 इंचांना 500 ते 750. भेगाळलेला वाडगा त्याहूनही कमी वेगाने फिरवा, संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावा, चालू करताना त्याच्या समोरच्या रेषेत उभे राहू नका. काठापासून बुडापर्यंत आरपार गेलेली भेग असेल तर ग्लूच्या भरवशावर तो लेथवर चढवूच नये. त्यातून लहान डब्या किंवा मुठींपुरतं धड लाकूड कापून घेता येईल.